कुदळ, ताम्रपट आणि रस्ता
ठाणें–कल्याण प्रांतांतील शिलाहारकालीन वसतींच्या पुराव्याविषयीं

उत्तर कोंकणच्या शिलाहार राजवंशाचा इतिहास आज बऱ्याच अंशीं निश्चित झाला आहे. राष्ट्रकूटांचा मांडलिक पहिला कपर्दी याच्यापासून यादव महादेवाशीं लढतांना नष्ट झालेल्या सोमेश्वरापर्यंत, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभापासून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, सुमारें साडेचारशें वर्षांची राजपरंपरा विद्वानांनीं लावून दिली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा 'शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख' हा ग्रंथ १९७४ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून ह्या विषयाच्या अभ्यासकास मूळ लेखांसाठीं वणवण करावी लागत नाहीं. परंतु ह्या इतिहासाच्या साधनांकडे थोड्या बारकाईनें पाहिलें असतां एक गोष्ट लक्षांत येते. राजा कोण, त्याचे अमात्य कोण, दान कोणास व कोणत्या तिथीस दिलें, हें आपणांस कळतें. दान दिलेल्या गांवांत माणसें कशीं राहत होतीं, हें कळत नाहीं. राजवंशाचा इतिहास आहे, वसतीचा नाहीं. ही उणीव कां राहिली, आणि ठाणें–कल्याण प्रांतांतील रस्त्यांच्या मोठ्या कामांच्या निमित्तानें ती कशी भरून काढतां येईल, किंवा कायमची कशी होऊन बसेल, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हीं साधनें आपल्या हातीं आलीं कशीं तें पाहूं. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत नव्या कामाचा पाया खणीत असतां मजुरांच्या कुदळीस एक ताम्रपट लागला. जनरल कारनॅक यांनीं तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नजरेस आणला, रामलोचन पंडितांनीं त्याचा अर्थ लावला, आणि त्याचा इंग्रजी अनुवाद 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडांत १७८८ सालीं छापला गेला. शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७, मधील हा दानलेख होय. हिंदुस्थानांतील कोरीव लेखांचा अभ्यास तेव्हां नुकता कोठें सुरू होत होता, आणि त्या अभ्यासाच्या अगदीं पहिल्या पानांवर ठाण्याचें नांव आलें, ही ठाणेंकरांस अभिमान वाटावी अशीच गोष्ट आहे. पुढें भांडुप येथें एका शेतकऱ्यास शेतांत छित्तराजाचा शके ९४८ चा ताम्रपट सांपडला व ब्यूलरसारख्या पंडितानें तो प्रसिद्ध केला. मुंबईंत १९३१ सालीं परळहून शिवडीकडे जाणारा रस्ता तयार होत असतां सात शिवरूपें एकांतून एक उमललेलीं दाखविणारें तें भव्य शिल्प जमिनींतून वर आलें. शिल्पदृष्ट्या त्याचा काळ शिलाहारांपूर्वींचा, घारापुरीच्या लेण्यांच्या आगेमागेचा, मानला जातो. तें आजहि परळच्या बारादेवीच्या देवळांत पूजेंत आहे.

पायाची कुदळ, शेताचा नांगर आणि रस्त्याचें फावडें ह्या तिघांनीं आपल्या प्रांताचा प्राचीन इतिहास उजेडांत आणला, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु ह्या तिघांच्या हातून मिळालेल्या पुराव्यास एक मोठें वैगुण्य चिकटलेलें असतें. ठाण्याच्या ताम्रपटाविषयीं प्रसिद्ध झालेल्या नोंदींत तो किल्ल्यांतील पायांत सांपडला, एवढेंच आहे. तो किती खोल होता, त्याच्याभोवतीं भिंत होती कीं पेटी, शेजारीं कोणतीं भांडीं होतीं, वर राखेचा थर होता कीं नदीच्या गाळाचा, ह्यांपैकीं कशाचीहि टीप नाहीं. परळच्या मूर्तीभोवतीं देऊळ होतें कीं शिल्पकारांचा तळ होता, हा प्रश्न त्या रस्त्याच्या भरावाखालीं गेला. शिल्प अपुरें राहिलें असावें, असें कांहीं अभ्यासक मानतात. तें खरें असेल, तर आसपासच्या मातींत दगडाच्या ढलप्या, मोडक्या छिन्न्या, कामकऱ्यांच्या चुली असावयास हव्या होत्या. पण त्या पाहण्यासाठीं कोणी थांबले नाहीं.

संस्कृत शास्त्रांचा ज्यांस थोडाबहुत परिचय आहे, त्यांस येथें एक जुनें उदाहरण आठवेल. 'सैंधव आण' असें धन्यानें सांगितलें, तर सेवकानें काय आणावें? सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधु देशचा घोडाहि. धनी पानावर बसला असेल तर मीठ आणावें, प्रवासास निघाला असेल तर घोडा. शब्दाचा अर्थ ठरतो तो प्रकरणावरून. जमिनींतून निघालेल्या वस्तूचीहि हीच गोष्ट आहे. तिचें प्रकरण म्हणजे ती ज्या थरांत, ज्या खोलीवर, ज्या इतर वस्तूंच्या संगतींत पडलेली असते, तें तिचें स्थान. खापराचा तुकडा हातांत आला तर तो फार तर कोणत्या काळचा असेल हें कळेल. तोच तुकडा चुलीशेजारच्या जमिनीवर, जळक्या तांदळाच्या दाण्यांबरोबर मिळाला, तर एका घरांतील एका दिवसाचें जेवण कळेल. वस्तु उचलली आणि स्थान पुसलें, म्हणजे वाक्य फाडून एक शब्द जपून ठेवल्यासारखें होतें.

स्थान टिपलें असतां काय लाभ होतो, याचें उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्यास बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खणला. आंत विटांचा स्तूप निघाला व त्याच्या गाभ्यांत दगडी पेटी मिळाली. पेटींत तांब्याचा करंडा, त्यांत रुप्याचा, आणि असे एकांत एक करंडे होते. अगदीं आंतल्या सोन्याच्या डबींत मातीच्या पात्राचे तेरा लहान तुकडे होते. तांब्याच्या करंड्याभोवतीं आठ बुद्धमूर्ति मांडलेल्या होत्या. त्याच संचयांत यज्ञ सातकर्णि ह्या सातवाहन राजाचें रुप्याचें नाणेंहि मिळालें. नाणें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचें, तर मूर्ति शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या. म्हणजे स्तूप जुना असून कित्येक शतकांनंतर तो श्रद्धेनें पुन्हां उघडला गेला व नव्या मूर्ति आंत ठेवून बंद केला गेला, असें अनुमान निघतें. शिलाहारांच्या उदयाच्या सुमारास सोपाऱ्यास बौद्ध उपासक होते व त्यांच्यांत इतकें बळ होतें, ही केवढी मोठी बातमी! हेच मूर्ति व हेंच नाणें बाजारांत वेगवेगळ्या मोडीवाल्यांकडे मिळालें असतें, तर ह्यांपैकीं एक अक्षरहि कळलें नसतें. पंडितजींनीं कोणती वस्तु कोठें होती हें लिहून ठेवलें, त्यांतच त्यांच्या शोधाचें सर्व सार आहे.

आतां दानलेखांकडे वळूं. शिलाहारांच्या व राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दत्त ग्रामास जीं विशेषणें लावलेलीं असतात, तीं वाचकांच्या परिचयाचीं आहेत. गांव वृक्षराजींसह दिलें, तृण, काष्ठ व उदक यांसह दिलें, धान्य व हिरण्य या स्वरूपाच्या उत्पन्नासह दिलें. वरवर पाहतां हें गांवाचें वर्णन वाटतें. वस्तुतः तें गांवावरील हक्कांचें वर्णन आहे. तींच विशेषणें डोंगरांतील पाड्यास लागतात आणि खाडीकांठच्या मिठागरी गांवासहि लागतात. लेखकाच्या दृष्टीनें तो मसुद्याचा भाग होता. प्रत्यक्ष भूमि डोकावते ती केवळ चतुःसीमा सांगतांना. अरिकेसरीच्या लेखांतील एका गांवाच्या पूर्वसीमेस डोंगरावरून पडणारा पाण्याचा लोट सांगितला आहे. दक्षिणसीमेवरील एका स्थळाचें नांव अनुवादांत मूलाडोंगरिका असें दिलें आहे. राजकवीच्या संस्कृतांत 'पर्वत' आणि 'गिरि' यांस तोटा नव्हता; पण सीमा सांगावयाची वेळ आली तेव्हां गांवकऱ्यांच्या तोंडचा डोंगरच ताम्रपटावर कोरला गेला. हजार वर्षांपूर्वींच्या आपल्या भाषेचा हा उच्चार राजाच्या प्रशस्तींत मिळाला नाहीं, शेताच्या बांधावर मिळाला.

भांडुपच्या लेखांतील सीमाहि अशीच बोलकी आहे. दत्त शेताच्या सीमांत तेथें राजपथाचा निर्देश आहे. साष्टींतून स्थानकाकडे जाणारा हमरस्ता अकराव्या शतकांत होता व त्याच्या कडेचीं शेतें मोजलेलीं, वहिवाटींतलीं होतीं, असा याचा अर्थ. ह्याच दशकाच्या सुमारास अल्बेरूनीनें आपल्या ग्रंथांत कोंकणांतील ठाण्याचा उल्लेख केला आहे. रस्ता ही कांहीं ह्या प्रांतास नवी आलेली वस्तु नव्हे. रस्त्याच्या कडेनेंच वसति वाढते, म्हणून जुन्या वसतीच्या जागेवरूनच नवा रस्ता जाण्याचा संभव अधिक असतो. डोंगर, खाडी आणि खिंड जेथें होती तेथेंच आजहि आहे. वाटेनें चालणारा बैल असो वा मालमोटार, दोघांसहि सोईची जागा एकच.

ह्या दृष्टीनें डोंबिवलीच्या परिसराचा विचार करण्यासारखा आहे. आज डोंबिवलीचें नांव काढतांच गर्दीची आगगाडी आणि कारखाने डोळ्यांपुढें येतात. पण नकाशा पुढें घेऊन बसल्यास दिसतें, कीं ह्या गांवाच्या एका अंगास उल्हास नदीची खाडी, खाडीच्या वरच्या टोंकास कल्याण, खालच्या टोंकास स्थानक म्हणजे ठाणें, आणि दुसऱ्या अंगास पारसिकचा डोंगर आहे. कल्याण हें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' ग्रंथांत कॅलिएना म्हणून येतें. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत तेथील दात्यांचीं नांवें आहेत. सहाव्या शतकांत कॉस्मस ह्या प्रवाशानें तेथील व्यापाराचा व ख्रिस्ती समाजाचा उल्लेख केला. थोडें वर गेलें कीं अंबरनाथ, जेथील शिवमंदिरांत मम्मुणि राजाच्या काळचा शके ९८२ चा लेख आहे. खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यांत लोनाडजवळ चौधरपाड्यास केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख. इतक्या नांदत्या स्थळांच्या मधोमध असलेला खाडीकांठ ओसाड असेल, हें संभवत नाहीं. अंबरनाथासारखें मंदिर उभें राहतें तेव्हां पाथरवटांस भात, तेल, मासळी व लांकूड पुरविणारीं गांवें भोंवतालीं असलीं पाहिजेत.

नांवेंहि हेंच सांगतात. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली इत्यादि नांवांतील उत्तरपद 'वली' हें संस्कृत 'पल्ली' वा 'पल्लिका' याचें रूपांतर होय. दोन स्वरांमधील पकाराचा वकार होणें हा प्राकृतांतील नित्याचा नियम आहे. दीपावलीची दिवाळी झाली ती याच नियमानें. वर सांगितलेल्या ठाण्याच्या ताम्रपटांतच टोकबल-पल्लिका नांवाचें गांव दान दिलेलें आहे. अर्थात् पल्लिकांत नांवांचीं खेडीं ह्या प्रांतांत शके ९३९ मध्यें नांदत होतीं, हें सिद्ध आहे. आज ज्या गांवांच्या नांवांत 'वली' आहे त्यांपैकीं प्रत्येक गांव तितकें जुनें आहे, असें केवळ नांवावरून म्हणतां येणार नाहीं. व्युत्पत्ति दिशा दाखविते, साक्ष देत नाहीं. साक्ष जमिनीनें द्यावयाची असते, आणि जमिनीस प्रश्न विचारण्याची वेळ आतां थोडी उरली आहे.

कारण ह्या भागांतील जमीन किती झपाट्यानें उलथीपालथी होत आहे तें येथील रहिवाशांस सांगावयास नको. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यापर्यंत व १८५४ सालीं कल्याणापर्यंत लोहमार्ग आला, तेव्हां पहिली मोठी खोदाई झाली. पुढें कारखाने आले, चाळींच्या जागीं इमारती आल्या. आतां रस्त्यांचें युग आहे. कल्याण–शीळ रस्ता रुंद झाला, ऐरोली–काटई मार्गासाठीं पारसिकच्या डोंगरांतून बोगदा काढला गेला, मोठागांव व माणकोली यांमध्यें खाडीवर पूल झाला, आणि विरार–अलिबाग महामार्गाची आखणी झालेली आहे. हे रस्ते नकोत, असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. ज्यास रोज शीळफाट्यावर तासन्‌तास खोळंबून घरीं जावें लागतें, त्याच्यापुढें शिलाहारांच्या खापरांची महती गाणें हा उद्धटपणा होईल. प्रश्न रस्ता व्हावा कीं न व्हावा हा नाहीं. रस्ता होण्यापूर्वीं जमीन एकदां वाचली जावी कीं नाहीं, एवढाच आहे.

कोंकणांत हें वाचन विशेष कठीण असतें, आणि म्हणूनच तें टाळलें जातें. देशावर जुन्या गांवाची पांढर दुरून ओळखूं येते. शतकानुशतकें मातीचीं घरें एकाच जागीं पडत व उभीं राहत गेल्यामुळें तेथें उंच टेकाड तयार होतें. कोंकणांतील घराची रचना वेगळी. लांकडी खांब, कुडाच्या भिंती, शेणामातीचें लिंपण आणि पेंढ्यानें शाकारलेलें छप्पर. त्यावर दरसाल चार महिने मुसळधार पाऊस. असें घर मोडलें कीं दहावीस वर्षांत त्याचें वर कांहींच उरत नाहीं. उरतो तो जमिनींत खांबाचा खळगा. खांब कुजतो, त्याच्या जागीं काळपट माती भरते, आणि तांबड्या मुरुमांत एक वाटोळा काळा ठिपका दिसतो. अशा ठिपक्यांची ओळ सांपडली कीं घराची लांबी-रुंदी कळते. मधली कठीण झालेली जमीन, चुलीची भाजलेली माती, उखळाचा खड्डा, गुरांचा गोठा, असें सारें घर पुन्हां कागदावर उभें करतां येतें. पण हे ठिपके पाहण्यासाठीं मातीचा एकेक पापुद्रा हातानें खरवडावा लागतो. जेसीबी यंत्राच्या एका ओरखड्यानें वीतभर जमीन निघते, आणि त्या वीतभर जमिनींतच कदाचित् शिलाहारकालीन सबंध गांव असतें.

आणखी एक अनर्थ होतो. निघालेली माती व टेकडींतून आणलेला मुरूम दुसरीकडे भरावास जातो. त्यांतील खापरें, बांगड्यांचे तुकडे व विटा त्यांच्याबरोबर प्रवास करतात. पुढें एखादा उत्साही तरुण रस्त्याच्या कडेस जुनें खापर वेंचतो आणि तेथें प्राचीन नगर होतें असें जाहीर करतो; वास्तविक तें नगर चार कोसांवर खणलें गेलेलें असतें. अशा रीतीनें एका ठिकाणचा पुरावा नष्ट होतो व दुसऱ्या ठिकाणीं खोटा पुरावा निर्माण होतो. गधेगाळांचीहि हीच कथा. शाप कोरलेले हे दगड दानभूमीच्या सीमेवर रोवीत असत. मराठीच्या आद्य लेखांत ज्याची गणना होते तो आक्षीचा शके ९३४ चा लेख अशाच दगडावर आहे. रस्ता रुंद करतांना असा दगड उचलून भाविकपणें देवळाच्या आवारांत ठेवला जातो, त्यास शेंदूर लागतो. दगड वांचतो, पण ज्या सीमेचा तो साक्षीदार होता ती सीमा हरवते.

पद्धतशीर खोदकाम केल्यास ह्याच काळच्या वसतीविषयीं किती समजतें, हें संजाणनें दाखविलें आहे. संजाण हें आतां गुजरातेंत, आपल्या पालघर जिल्ह्याच्या सीमेलगत. तेथें २००२ ते २००४ ह्या तीन वर्षांत उत्खनन झालें. आठव्या ते तेराव्या शतकांतील बंदराची वसति उघडकीस आली. पश्चिम आशियांतील पिरोजी झिलईचीं भांडीं, चिनी मातीचीं भांडीं, कांचेच्या वस्तु, आणि पारशी समाजाचा जुना दखमाहि मिळाला. आतां ह्याच्या शेजारीं डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें सांपडलेला राष्ट्रकूट इंद्रराजाच्या काळचा शके ८४८ चा ताम्रपट ठेवून पाहा. त्यांत संयान मंडलाचा कारभार मधुमति नांवाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे असल्याचें सांगितलें आहे. मधुमति म्हणजे महंमद, हें पंडितांनीं दाखविलें आहे. त्यानें नदीवर फुकट तरीची व अन्नसत्राची सोय केली, असेंहि त्या लेखांत आहे. ताम्रपटानें अधिकारी सांगितला, जमिनीनें त्याच्या बंदरांत उतरणारा माल दाखविला. हिंदु राजा, मुसलमान अधिकारी, पारशी वसाहत आणि चिनी भांडें हीं सर्व एका किनाऱ्यावर एका काळीं नांदत होतीं, हें आतां कोणाच्या मतावर अवलंबून राहिलेलें नाहीं. लेख आणि भूमि ह्या दोन साक्षीदारांची जबानी एकमेकींशीं ताडून पाहतां येणें, यालाच इतिहासांत निश्चिति म्हणतात. ठाणें व कल्याण येथें पहिल्या साक्षीदाराची जबानी भरपूर आहे. दुसऱ्याची घेण्यापूर्वींच त्यास पुरलें जात आहे.

बांधकामापूर्वीं उत्खनन करण्याची कल्पना आपल्या देशास परकी नाहीं. कृष्णा नदीवरील धरणामुळें नागार्जुनकोंड्याचें सबंध खोरें पाण्याखालीं जाणार हें ठरल्यावर सरकारनें १९५४ ते १९६० पर्यंत तेथें विस्तृत उत्खनन केलें. इक्ष्वाकु राजांच्या विजयपुरीचे स्तूप, विहार, घाट व रंगमंडल यांची मोजणी झाली, आणि निवडक वास्तु उचलून उंच जागेवर नेऊन पुन्हां मांडल्या, ज्या आज जलाशयांतील बेटावर उभ्या आहेत. धरण झालें आणि इतिहासहि राहिला. धरणासाठीं जें करतां आलें तें रस्त्यासाठीं कां करतां येऊं नये? युरोपांत तर हा आतां नियमच झाला आहे. १९९२ सालीं वॅलेटा येथें झालेल्या करारानें, बांधकामामुळें पुराव्यास धोका पोंचत असल्यास त्याच्या शोधाचा खर्च त्या बांधकामाच्या खर्चांतच धरावा, हें तत्त्व युरोपीय राष्ट्रांनीं मान्य केलें. इंग्लंडांत केंब्रिज व हंटिंग्डन यांमधील एकवीस मैलांच्या महामार्गाच्या कामांत सुमारें अडीचशें उत्खननतज्ज्ञ राबत होते. तेथेंहि आरंभीच्या मध्ययुगांतील लांकडी घरांचीं गांवें केवळ खांबांच्या खळग्यांवरून ओळखलीं गेलीं. आणि तो रस्ता २०२० सालीं ठरल्या मुदतीच्या आधींच वाहतुकीस खुला झाला. उत्खनन केल्यास काम अडतें, ह्या नेहमींच्या आक्षेपास ह्याहून चांगलें उत्तर देतां येणार नाहीं. काम अडतें तें अवशेष अवचित लागल्यानें. ते कोठें आहेत हें आधीं ठाऊक असेल तर अडण्याचें कारण नाहीं.

आपल्या कायद्यांची स्थिति काय आहे? १८७८ च्या निखात निधि अधिनियमानें जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणें बंधनकारक केलें आहे. पण खापराचें मोल दहा रुपये कोण ठरविणार, आणि खांबाच्या खळग्याचें मोल तें काय? १९५८ चा प्राचीन स्मारकांचा अधिनियम व त्यांतील २०१० ची दुरुस्ती यांनीं संरक्षित स्मारकाभोवतीं शंभर मीटरांत बांधकामास मनाई व त्यापुढील दोनशें मीटरांत नियंत्रण घातलें आहे. हें उत्तम आहे. परंतु हें संरक्षण जें आधींच ओळखलें व जाहीर केलें गेलें आहे त्यास मिळतें. जमिनीखालीं असल्यामुळें जें कोणी पाहिलेंच नाहीं, तें जाहीर कसें होणार? म्हणजे अंबरनाथाच्या मंदिरास कायद्याचें छत्र आहे. तें मंदिर बांधणाऱ्या पाथरवटांच्या झोंपड्यांस नाहीं.

ह्यासाठीं तीन गोष्टी व्हाव्या असें सुचवावेंसें वाटतें. पहिली ही, कीं मोठ्या रस्त्याची आखणी होतांच, भूसंपादनापूर्वीं, त्या रेषेवरील प्रत्येक गांवाची पाहणी व्हावी. जुनें गांवठाण, ओसाड पडलेलें देऊळ, तळें, गधेगाळ, वीरगळ, शेताचीं जुनीं नांवें यांची यादी जागेच्या खुणेसह करावी. ह्या कामास मोठा खर्च लागत नाहीं. विद्यापीठांतील पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि गांवांतील वृद्ध माणसें एवढें भांडवल पुरतें. दुसरी ही, कीं जेथें संशय येईल तेथें यंत्र लावण्यापूर्वीं कांहीं चाचणी खड्डे हातानें खणावे व त्यांचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकांत स्वतंत्र बाब म्हणून धरावा. तिसरी ही, कीं काम चालू असतां कांहीं लागल्यास मुकादमानें तें उचलूं नये, जागच्या जागीं झांकून ठेवून वर्दी द्यावी, आणि वर्दी देणाऱ्यास दंडाची भीति नसून बक्षिसाची आशा असावी. अवशेष सांपडले तर काम बंद पडेल ह्या भीतीनेंच आज किती वस्तु रातोरात भरावांत जात असतील, याचा विचार करावा.

रस्ता हा पुराणवस्तुसंशोधकाचा शत्रु आहे, असें मात्र मानूं नये. संशोधक आपण होऊन जेथें खणतो तें स्थळ त्यास आधींच महत्त्वाचें वाटलेलें असतें: देवळाजवळ, किल्ल्याजवळ, ताम्रपट मिळाला त्या जागीं. त्यामुळें पुन्हां राजे व मठच हातीं लागतात. रस्त्याची रेषा आंखणाऱ्या अभियंत्यास इतिहासाशीं कांहीं कर्तव्य नसतें. ती रेषा खाडीच्या खाजणांतून, भाताच्या खाचरांतून, कोळ्यांच्या वाडींतून आणि डोंगराच्या उतारावरून सारखीच जाते. सबंध प्रांताचा असा निःपक्षपाती छेद कोणत्याहि विद्वानास आपल्या खर्चानें कधींच घेतां आला नसता. ज्या माणसांचीं नांवें कोणत्याहि ताम्रपटावर नाहींत, ज्यांच्या शेतांसह आणि श्रमांसह तीं गांवें दान दिलीं गेलीं, त्यांच्या घरापर्यंत पोंचण्याची ही एकच वाट आहे, आणि ती एकदांच उघडते. डांबर पडलें कीं मिटते.

अरिकेसरीचा ताम्रपट सांपडला त्यास आतां सव्वादोनशें वर्षें होऊन गेलीं. त्या वेळीं हिंदुस्थानांत उत्खननाचें शास्त्र नव्हतें. पाया खणणाऱ्या मजुरानें तो पत्रा मोडीस घातला नाहीं व रामलोचन पंडितांनीं तो वाचला, हीच त्या काळाची थोरवी. आज शास्त्र आहे, तें जाणणारीं माणसें आहेत, कायद्यांत जागा करतां येण्यासारखी आहे. तेव्हां ठाणें व कल्याण प्रांतांतील स्थानिक संस्थांनीं, इतिहासमंडळांनीं व बांधकाम खात्यांनीं एकत्र बसून ह्या बाबतींत एखादी साधी कार्यपद्धति ठरवावी, असें नम्रपणें सुचवून हा लेख पुरा करतों.